अक्काबाईनं स्पा निवडला

अक्काबाईसारखी मुकादमीण उभ्या निफाड तालुक्यात झाली नाय. कोणाला खोटं वाटत असंल तर त्यानं तिकडच्या कोणत्याही द्राक्षबागवाल्याच्या ओट्यावर बसून नुसतं तिचं नाव घ्यावं. चहा आलाच पायजे.

गाव तिचं पेठच्या पलीकडं, डोंगरात. भात अन् नागली पिकवायची, अन् बाकीचे दिवस निफाडकडं द्राक्षाच्या कामाला जायचं. तिला पयल्यांदा तिकडं नेली ती तिच्या थोरल्या भावानं, १९९० साली, सायकलीच्या कॅरेजवर बसवून. पेठ ते निफाड, एका दिवसात, वाटेत दोन पंक्चर धरून. तेव्हा ती एकटी होती. दहा वर्षांत तिच्या मागं चौदा बायांची टोळी उभी राह्यली. दसऱ्याच्या आगेमागे छाटणी, मग भात कापायला घरी, अन् दिवाळी झाली की परत बागेत. द्राक्षाचा घड लहान असतो तेव्हा तो एकेक करून औषधाच्या पाण्यात बुडवावा लागतो, तेव्हा कुठं मणी फुगतो. डिपिंग म्हणतात त्याला. घड टांगलेला डोक्यावर, तारेच्या मांडवाला. म्हंजे एका हातात पाण्याचा मग धरून सकाळपासून सांजेपर्यंत हात वर. पयलवानाला सांगा करायला. दुपारपर्यंत रडंल.

असं सतरा वर्षं जिनं केलं, तिचा उजवा खांदा २००७ च्या पावसाळ्यात गेला. अन् गेला तो बागेत नाय, घरच्या भातात. आवणीला, भाताची रोपं लावताना, बांधावरून पाय सटकला, पडता पडता तिनं उजव्या हातानं स्वतःला सावरलं, अन् आत काहीतरी कचकन झालं. पेठच्या दवाखान्यात सुई टोचून घेतली, महिनाभर शेकलं. दुखणं कमी झालं, पण हात खांद्याच्या वर जाईना. छातीपर्यंत जायचा, मग दाराला कडी लावल्यावानी अडायचा.

हे फक्त मालनबाईला माहीत होतं. मालनबाई तिच्या टोळीतली सगळ्यात जुनी बाई, शेजारीण, अन् तोंडानं फटाकडी. अक्काबाईला स्वतःचा अंबाडा घालता येईना म्हणून ही रोज सकाळी पाणी आणायचं निमित्त करून यायची अन् दार लावून तिचा अंबाडा घालून जायची.

"दोन महिने झाले, अक्का. मला न्हावीण करून ठेवलीस तू."

"हळू बोल. भित्तीला कान हायेत."

"भित्तीला कान हायेत, पर तुझ्या हाताला वर जायला जागा नाय."

लपवायचं कारण होतं. निफाडच्या अलीकडं खंडेराव आबांची बाग. आठ एकर, सगळा माल परदेशी जाणारा. आबांच्या घरचा रिवाज असा की छाटणीच्या दिवशी पयल्या वेलीपाशी नारळ फुटतो अन् पयली कात्री मुकादमीण लावते. टोळी झाली तेव्हापासून ती कात्री अक्काबाईची होती. भाद्रपदात आबांचा निरोप आला: "पडलीस म्हणून ऐकलं. पयली कात्री तुलाच लावायची हाय, पर हात वर जात नसंल तर आत्ताच सांग. भागीबाईची टोळी विचारती हाय."

भागीबाईचं नाव ऐकून अक्काबाईला दोन दिवस भाकर गोड लागली नाय. चौदा बाया तिच्या भरोशावर घराबाहेर पडायच्या. बाग गेली तर नुसती बाग जात नव्हती. "अक्काची टोळी" हे नावच जाणार होतं.

तिनं निरोप उलटा धाडला: "हात बरा हाय. येते."

आता आबांची सून स्नेहल. शिकलेली, पण माणसं ओळखणारी. हात बरा असल्याचा निरोप ऐकूनच तिनं खरं काय ते ताडलं. त्या उन्हाळ्यात नाशकाच्या एका मेळाव्यात आबांच्या बागेला चांगल्या मालाचं बक्षीस मिळालं होतं. शाल, नारळ, अन् एक गुळगुळीत कागदाचं कूपन. नाशिक शहरातल्या तीन स्पांपैकी कुठंही जाऊन एकदा अंग चोळून घ्या, असं त्यावर छापलेलं. स्नेहलनं ते कूपन पाकिटात घालून अक्काबाईला पाठवलं, सोबत चिठ्ठी: "अक्का, घड तुम्ही वाढवले, बक्षीस तुमचंच. खांद्यासाठी जाऊन या. आबांना मी काही बोलले नाही. महिनाअखेरपर्यंत चालतं."

चिठ्ठी वाचून दाखवली थोरल्या भावानंच. सातवी पास आहे तो, एक अक्षर अडखळला नाय.

"स्पा म्हंजे काय गं?" मालनबाई म्हणाली.

"मालिश. पर गार खोलीत."

"मग सांग तिला, मी हाय म्हणावं, अन् आपली खोली गारच हाय."

पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीत दोघी बसलेल्या होत्या. फडक्यात नागलीच्या भाकरी, चटणी, अन् एका बाटलीत घरचं मोहाच्या बियांचं तेल. कुठंही कामाला जायचं तर आपलं सामान आपण न्यायचं, ही टोळीची सवय.

नाशकात उतरल्यावर मालनबाईनं कूपन उलटं-पालटं केलं. "तीन हायेत. कोणता घ्यायचा?"

"बघून घ्यायचा."

"कसा बघणार? आतून का भायेरून?"

"बाग कशी बघतो आपण? तसाच."

हे लक्षात घेण्यासारखं हाय. अक्काबाईनं डोळे मिटून एकही बाग कधी धरली नाय. मालक गोड बोलतो म्हणून ती गेली नाय, अन् मालकाची गाडी मोठी म्हणूनही गेली नाय. आधी बागेतनं एक चक्कर मारायची. मांडवाची तार फार ठेंगणी असंल तर बायांची कंबर जाते, अन् कंबर गेलेल्या बाईच्या हातनं घड नीट बुडत नाय. पिण्याचं पाणी कुठं ठेवलंय ते बघायचं. अन् शेवटचं, गेल्या साली इथं राबलेली माणसं यंदा परत आलीत का, ते विचारायचं. एवढ्या शिदोरीवर तिनं इतकी वर्षं टोळी सांभाळली.

पयला स्पा कॉलेज रोडला. काचेचं दार ढकललं अन् आत गवती चहाचा वास आला.

"चहा टाकलाय वाटतं," मालनबाई खूश झाली.

चहा नव्हता. मेणबत्त्या जळत होत्या, दिवसाढवळ्या, अन् कुठूनतरी बासरी वाजत होती. टेबलामागच्या पोरीनं दोघींच्या लुगड्यांकडं बघितलं, मग कूपनाकडं बघितलं, अन् हसली. बोलायला मात्र चांगली होती. तिनं आतली खोली दाखवली. तिथं चिनीमातीच्या वाडग्यात काळपट लगदा भरून ठेवलेला.

"ही आमची खासियत आहे, मॅडम. ताज्या द्राक्षांचा लेप. आपल्या नाशिकचीच द्राक्षं, आज सकाळी वेलीवरून काढलेली."

अक्काबाईनं वाडग्यात बघितलं. मग पोरीकडं बघितलं.

"आज सकाळी?"

"हो मॅडम."

"कोणाच्या बागेतनं?"

पोरगी गडबडली. "इथलीच... फार्ममधून येतात."

"बाई, भादवा चालू हाय," अक्काबाई म्हणाली. "आत्ता नाशिक जिल्ह्यात वेलीला पानं हायेत, नुसती पानं. छाटणी व्हायची हाय अजून. बागलाणातला सगळ्यात आगाप माल दिवाळीच्या तोंडाला येतो. तुझ्या मालकाला कोणती वेल गावली?"

तिनं चिमूटभर लगदा उचलला, जिभेवर ठेवला, अन् मालनबाईपुढं बोट केलं. मालनबाईनंही चाटला.

"बेदाणे," मालनबाई म्हणाली. "भिजवून वाटलेत."

"अन् वरून साखर."

"साखर लय झाली. खिरीला बरं लागंल."

पोरगी लाल झाली. अक्काबाईनं तिच्या हातावर थोपटलं. "तुझी चूक नाय माय. पर जो द्राक्षाबद्दल खोटं बोलतो, तो खांद्याबद्दल काय खरं सांगणार?"

अन् दोघी भायेर. एवढं शिकलेलं शहर ते, रोज गाड्या भरभरून बाया तिथं यायच्या, पण त्या वाडग्यातलं खोटं पकडलं दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईनं.

दुसरा स्पा गंगापूर रोडला. तो लय मोठा. दारात कारंजं, आत जाताना पायात घालायला कापडी सपाता. मालनबाईला सपाता इतक्या आवडल्या की ती म्हणाली, "हाच घेऊ."

"थांब," म्हणून अक्काबाई निघाली मागच्या दाराकडं. बागेत गेल्यावर ती आधी बाया जेवायला कुठं बसतात ते बघायची, तशीच. मागं एक बोळ होता. तिथं तीन पोरी भित्तीला टेकून, डबे हातात धरून, उभ्यानं जेवत होत्या.

"बसत का नाय गं?"

"जागा नाही मावशी. दहा मिनिटांची सुट्टी असते."

"किती दिवस झाले इथं?"

एक म्हणाली बारा दिवस. दुसरी म्हणाली आठवडा. तिसरी म्हणाली, आजच आले.

"अन् तुमच्या आधीच्या कुठं गेल्या?"

तिघी एकमेकींकडं बघून हसल्या. तेवढ्यात टाय लावलेला मॅनेजर आला. "मॅडम, हा स्टाफचा एरिया आहे. तुम्हाला मसाज हवाय की नोकरी?"

"आधी मसाज घ्यावा म्हणून आले होते," अक्काबाई म्हणाली. "पर उभ्यानं जेवणाऱ्या माणसाच्या हातात माझा खांदा देणार नाय. त्यांना एक सतरंजी घ्या साहेब. मग बघा त्यांचा हात कसा चालतो."

मालनबाईनं जड मनानं सपाता काढल्या.

तिसऱ्याला जायला रिक्षा करावी लागली. नाशिकरोडला, एका कापडाच्या दुकानाच्या वर, लाकडी जिना चढून. दोन खोल्या. कारंजं नाय, बासरी नाय, एक पंखा. मालनबाईनं तोंड वाकडं केलं. "ह्यापरीस आपली पडवी बरी."

पण अक्काबाईची नजर कोपऱ्यात गेली. तिथं तिवईवर माठ होता, त्यावर ताट झाकलेलं, ताटावर उपडा पेला, अन् माठाच्या अंगाला ओलं फडकं गुंडाळलेलं. मालिशच्या टेबलाच्या कडेला एक लाकडी पाट ठेवलेला. मालिश करणारी पोरगी बुटकी होती, सृष्टी तिचं नाव. टेबल उंच पडायचं म्हणून ती पाटावर उभी राह्यची, म्हंजे कंबर वाकत नव्हती.

"पाट कोणी दिला?"

"मालकीणबाईंनी करून घेतला माझ्यासाठी. सुताराला बोलावून, माप घेऊन."

"किती वर्षं झाली तुला?"

"सहा वर्षं झाली मावशी. मी कळवणची."

अक्काबाई मालनबाईकडं वळली. "ही बाग धरली."

आत गेल्यावर थोडी वादावादी झालीच. सृष्टी म्हणाली, चोळी काढावी लागंल. अक्काबाई म्हणाली, एक बाही काढते, बाकीचं राहू दे. सृष्टी म्हणाली, तेल आमचंच वापरायचं असतं. अक्काबाईनं फडक्यातनं मोहाच्या तेलाची बाटली काढून पुढं ठेवली. शेवटी एक हात तुमच्या तेलाचा, एक हात आमच्या, असं ठरलं. मालनबाई दाराशी फतकल मारून बसली, राखणीला.

सृष्टीनं खांद्याला हात लावला अन् जरा वेळ नुसता धरून ठेवला. घड हातात घेतल्यावर अक्काबाईही असंच करायची. आधी वजन जोखायचं.

"मावशी, हा आवळून बसलाय. कधीपासून?"

"आवणीपासून." अक्काबाईनं पयल्यांदा ते परक्या माणसापुढं बोलून दाखवलं. मग सगळंच बोलली. आबांचा निरोप, भागीबाई, पयली कात्री, उलटा धाडलेला निरोप. "पंधरा दिवस हायेत. आज मोकळा करून दे. हात तारेला लागला पायजे."

"आज नाही होणार."

"का नाय? लोक तर म्हणतात..."

"लोकांना म्हणू द्या. मी चोळून दुखणं उतरवीन, पण हात वर न्यायचं काम तुमचं. एका दिवसात होतं असं सांगणारे पण आहेत शहरात. त्यांच्याकडं जायचं का?"

अक्काबाई हसली. बेदाण्याचा वाडगा आठवला तिला. खरं बोलणारी भेटली, हे त्या दिवसातलं मोठं काम झालं होतं.

तास दीड तास सृष्टीनं खांदा चोळला. अक्काबाईच्या आयुष्यात तिच्या अंगाला कोणी एवढा वेळ दिला नव्हता. मधेच तिचा डोळा लागला अन् ती घोरली. मालनबाईनं ते गावात सगळ्यांना सांगितलं, अजून सांगती. शेवटी सृष्टीनं तिला भित्तीपुढं उभं केलं अन् उजव्या हाताची बोटं भित्तीवर ठेवून कोळ्यावानी वर चालवायला लावली. जिथं बोटं थांबली तिथं पेन्सिलीनं रेघ ओढली.

"घरी कोळशानं ओढा. रोज सकाळी कालच्या रेघेच्या वर जायचं. एक बोट गेलं तरी पुष्कळ. दुखलं तर थांबायचं, पण सोडायचं नाही."

चोळीची बाही चढवून अक्काबाई म्हणाली, "बरं. आता तुझं काम काय हाय ते सांग."

"माझं काय काम? कूपन आहे ना मावशी."

"कूपन कागद हाय. माझ्या खांद्याला तुझा हात लागला. आमच्याकडं हाताला हातच फेडावा लागतो. तू माझ्या शेतात एक दिवस, मी तुझ्या शेतात एक दिवस. सावड म्हणतात त्याला. फुकटचा हात मी घेत नाय."

सृष्टी आधी हसायला लागली. पण अक्काबाई जिन्याकडं सरकेना. शेवटी ती म्हणाली, "शेत आहे. वडिलांनी अर्धा एकर द्राक्ष लावलंय. यंदा पहिलीच छाटणी. पण एवढ्याशा तुकड्यासाठी कोणती टोळी येत नाही. आईवडील दोघंच करतील म्हणतात."

"कोणती टोळी येत नाय?" अक्काबाई ताठ झाली. "आबांच्या आधीच्या सोमवारी अक्काची टोळी येती म्हणून सांग त्यांना."

जिना उतरताना मालनबाईनं तिचा पदर ओढला. "बाई, येडी झालीस काय? कळवणला जाऊन कात्री कशानं धरणार? पायानं?"

"बघू."

"बघू म्हंजे? चौदा बायांपुढं हात अडकला तर?"

"आज ना उद्या अडकणारच हाय मालन. आबांच्या नारळापुढं अडकण्यापरीस कळवणला अडकू दे."

घरच्या भित्तीवर मग कोळशाच्या रेघा चढायला लागल्या. पयल्या दिवशी खांद्याच्या जरा वर. चौथ्या दिवशी हनुवटीशी. आठव्या दिवशी कानाशी. मग दोन दिवस रेघ तिथंच अडली, अन् अक्काबाई भित्तीवर चिडली. बाराव्या दिवशी कपाळाशी. मांडवाची तार त्याच्याही वर वीतभर होती.

सोमवारी सहा बाया घेऊन ती कळवणला गेली. बाकीच्यांना भातातनं सवड नव्हती. सृष्टीचे आईबाप हात जोडून उभे. अक्काबाई पयल्या वेलीपुढं गेली, कात्री उजव्या हातात घेतली, हात उचलला, अन् तो कपाळाशी येऊन थांबला. तारेपाशी काडी होती, तिथवर पोचेना. मागं सहाच्या सहा बाया बघत होत्या. मालनबाईनं डोळे मिटून घेतले.

तेव्हा अक्काबाईनं काय केलं? डावा हात वर नेला. तो तर ठणठणीत होता. डाव्या हातानं काडीचा शेंडा धरला, अलगद खाली वाकवला, मोडू न देता, पक्की झालेली काडी कुठवर वाकती ते तिच्या बोटांना माहीत होतं. काडी खाली डोळ्यापुढं आली. तिनं काडीवरचे डोळे, म्हंजे कोंब फुटायच्या गाठी, मोजले, योग्य डोळ्याच्या वर उजव्या हातानं कात्री लावली, कट्. काडी सोडली, ती आपसूक वर गेली.

"अगं!" मालनबाई ओरडली. "हे तर सोपं पडतं! मान पण वर करायला नको!"

दुपारपर्यंत सहाही जणी तशाच छाटायला लागल्या. अर्धा एकर दिवस मावळायच्या आत उरकलं. सृष्टीच्या आईनं कांद्याचं कालवण अन् बाजरीची भाकर वाढली. सगळ्या जणी सतरंजीवर बसून जेवल्या.

मग आबांकडं जायचा दिवस आला. नारळ फुटला. आबांनी कात्री पुढं केली, पण सोडली नाय. मिशीतनं बघत म्हणाले, "अक्का, हात बरा हाय म्हणालीस."

"म्हणाले होते. खोटं म्हणाले होते आबा."

स्नेहल मागं उभी होती, ती एक पाऊल पुढं आली.

"इथवर जातो." अक्काबाईनं उजवा हात उचलून कपाळाशी दाखवला. "डिपिंगपर्यंत तारेला लागंल. नाय लागला तर त्या दिवशी मी स्वतः भागीबाईला बोलावून आणीन. आता कात्री सोडा."

आबांनी सोडली. तिनं डाव्या हातानं काडी खाली बोलावली, डोळे मोजले, कट् केलं. आबा जवळ आले, काप बघितला, डोळे पुन्हा मोजले, वाकून बघितले. मग मागं वळून आपल्या गड्यांना म्हणाले, "बघा रे. असं छाटायचं. चाळीस वर्षं झाली, मान मोडून घेतली आपण." अन् अक्काबाईला म्हणाले, "खोटा निरोप परत धाडलास तर बघ. हात मोडला तरी खरं सांगायचं. चहा ठेवायला सांगा कोणीतरी."

दिवाळीनंतर कोळशाची रेघ भित्तीवरून आढ्याकडं निघाली होती. डिपिंगच्या पयल्या दिवशी अक्काबाईनं मग भरला, हात वर केला अन् घड बुडवला. त्याच सकाळी मालनबाई नेहमीसारखी अंबाडा घालायला आली होती, तर हिचा घालून झालेला.

"वाकडा झालाय," मालनबाई म्हणाली.

"असू दे. माझा मी घातलाय."

"मग मी काय करू आता? तुझं डोकं म्हंजे माझं सकाळचं काम होतं."

"बस. माझा हात मोकळा हाय, तुझा घालते. सावड हाय तुझी, चार महिन्यांची."

मालनबाई बसली. कळवणच्या त्या अर्ध्या एकरात दर साली एक दिवस अक्काची टोळी जाती. अन् सृष्टी दर साली छाटणीच्या आधी एक दिवस सुट्टी काढून डोंगरात येती, पाट बरोबर घेऊन. चौदा बाया खांदे चोळून घ्यायला ओट्यावर रांग लावून बसतात. हे असं निफाडच्या दुसऱ्या कोणत्या टोळीत हाय का, विचारून यावं.